पात्याची जाड कड

बाबा,

आज रविवार, १४ जून १९८७. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी ताईच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून एका जुन्या फोटोतल्या माणसाच्या कोटाचा खिसा भिंगातून पाहतो आहे. खिसा डाव्या छातीवर आहे. त्यातून रुमालाचं टोक बाहेर आलेलं आहे. कोटाचा वरचा खिसा डावीकडेच असतो हे कुणालाही माहीत असतं. तो असायला हवा तिथेच आहे, आणि म्हणून मी अडकलो आहे.

हे तुम्हाला नीट सांगायचं तर आधी मी कुठे आहे ते सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आता सव्वीस पूर्ण होतील. ताईचं लग्न झालं, भाऊजी अमेरिकेत इंजिनिअर, आणि त्यांनीच मला इथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला बोलावून घेतलं. गाव चँडलर, ॲरिझोना. भाऊजी कंप्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. घराच्या एका बाजूला अशीच घरं, दुसऱ्या बाजूला कापसाची शेतं. जूनमध्ये दाराची कडी दुपारी हाताला चटका देते. पायी कुठे जाता येत नाही, आणि मला गाडी चालवता येत नाही. परीक्षेला बसलो होतो. आरशात पुन्हापुन्हा बघतो म्हणून परीक्षकाने नापास केलं. कॉलेजातही तसंच झालं. पहिला प्रश्न सोडवून तपासायचो, परत तपासायचो, तोवर पेपर संपायचा. अर्ध्यावर सोडलं. तेव्हापासून माझे इथे राहण्याचे कागद लटकलेले आहेत. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत येता येईल याची खात्री नाही, त्यामुळे पाच वर्षांत आईला पाहिलेलं नाही. ती काकांकडे असते. पत्रात लिहिते, तुझ्या सवडीने ये. माझ्याकडे सवडीखेरीज काही नाही हे तिला कसं लिहू?

आठवड्यातला एक दिवस मात्र माझा असतो. शनिवारी भाऊजी मला एका म्युझियमवर सोडतात. म्युझियम म्हणजे काय, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक तयार करायला बांधलेली एक धावपट्टी, तिच्या कडेचं एक पत्र्याचं हँगर, आत सहा विमानं आणि खोक्यांत भरलेले हजारो फोटो. लोकांचे वडील, आजे वारले की घरचे असे फोटो इथे आणून टाकतात. विमानांचे मेळे, उघडी मैदानं, टोप्या हातात धरलेली माणसं, मागे एखादं विमान. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असलंच तर ‘मी आणि बिल’ एवढं. ते विमान कोणतं हे ओळखून पाकिटावर लिहायचं, हे माझं काम. बिनपगारी. हे सगळं सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचे. मी त्यांना सर म्हणतो. ते दर वेळी म्हणतात, “सर माझे वडील होते, आणि तेसुद्धा कुणाला आवडायचे नाहीत.” पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे वीस फोटो टाकले. मी अकरा ओळखले आणि नवांवर ‘नक्की नाही’ असं लिहिलं. ते म्हणाले, “इथे येणाऱ्या प्रत्येकाला वीसच्या वीस ओळखता येतात. ‘नक्की नाही’ लिहिणारा तू पहिला. पुढच्या शनिवारी ये.”

हे मी कुठे शिकलो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मेकॅनिक होता त्या फ्लाइंग क्लबच्या अडगळीत तुम्हाला लढाईच्या वेळची पत्त्यांसारखी कार्डं सापडली होती, विमानांच्या काळ्या सावल्यांची. ती तुम्ही माझ्या सातव्या वाढदिवसाला आणलीत, पण त्याआधी प्रत्येक कार्डावरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून टाकलीत. खळ आईने करून दिली होती. मी रडलो होतो, नावंच नाहीत म्हणून. तुम्ही म्हणालात, “नाव काय, कुणीही सांगेल. तू पंख बघ, शेपूट बघ.” आता इथे खोकं उघडतो तेव्हा माझी नजर अजून त्याच वाटेने जाते. पंख किती, त्यांतल्या दांड्या कशा, चाकं कशी, शेपटीचा आकार कसा. आणि पंखा, म्हणजे नाकावरचा प्रॉपेलर. पंख्याचं तर तुम्ही माझ्या हातालाच शिकवलंत. सकाळी क्लबात साहेब लोक यायच्या आधी तुम्ही मला टायगर मॉथ विमानाच्या पुढे उभं करता, इंजिनाची बटणं बंद असल्याची स्वतः दोनदा खात्री करता, मग माझा तळवा पात्यावर ठेवून त्यावर तुमचा तळवा ठेवता. “हात सपाट. बोटं कडेवर वळवायची नाहीत. वळवलीस तर तुझी बोटं विमानाबरोबर जातील.” पातं सावकाश खाली येतं. समोर उभं राहिलं की ते घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, आणि वर आलेल्या पात्याची जाड कड, हवा कापत पुढे जाणारी, माझ्या उजव्या हाताला असते. तुमच्या हाताला पेट्रोलचा आणि लाइफबॉयचा वास आहे. मी एवढा खूश आहे की मला शू लागली आहे हे मी सांगत नाही.

आता फोटोकडे येतो. म्युझियमच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. एका मेळ्यात, गर्दीपुढे, समोरून घेतलेलं दोन मजली पंखांचं एक विमान. अंगावर नंबर नाही, शेपूट एका मोटारीमागे गेलेली. सगळे त्याला नेहमीचं विमान म्हणतात, पहिल्या महायुद्धानंतर स्वस्तात विकली गेली आणि गावोगाव मेळ्यांत उडाली, त्यांतलंच एक. पण त्याच सुमाराला इथल्याच एका छोट्या कारखान्याने हुबेहूब तशीच थोडी विमानं बनवली होती. त्यांची रेखाटनं म्युझियमपाशी आहेत. बाहेरून फरक एकच, धुराची नळी आणि पाय ठेवायची पायरी डावीकडे, नेहमीच्या विमानात ती उजवीकडे. त्यांतलं एकही विमान उरलेलं नाही, आणि त्याचा फोटोही कुणी पाहिलेला नाही. भिंतीवरच्या फोटोत नळी उजवीकडे आहे, म्हणून वाद मिटलेला होता. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी त्या फोटोतला पंखा भिंगातून पाहिला. वरच्या पात्याची जाड कड डावीकडे होती. माझ्या हाताने लगेच सांगितलं की हे चुकीचं आहे. पंखा उलट्या अंगाचा दिसतो, म्हणजे फोटो उलटा छापला आहे. निगेटिव्हची काच पालथी ठेवून छापलं की डावं उजवीकडे जातं. मग नळी खरी डावीकडे. मग हे ते दुसरं विमान.

मी ‘नक्की नाही’ लिहिलं नाही, बाबा. आयुष्यात एकदा मी ते लिहिलं नाही. सरांना हाक मारली. त्यांनी जाड चष्म्यावर भिंग धरून कितीतरी वेळ पाहिलं, त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. “मला नुसता धूर दिसतोय,” ते म्हणाले, “पण तू म्हणतोस ना? तू कधीच काही म्हणत नाहीस.” आणि त्यांनी मला मिठी मारली. मी हात कुठे ठेवायचे ते न कळून तसाच उभा राहिलो.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. म्युझियमच्या बोर्डावर एक वकील आहेत. ते म्हणाले, अशा नजरेचा माणूस आम्हाला दुसरा मिळत नाही असा ठराव बोर्डाने केला, तर म्युझियम याला पगारावर घेऊ शकेल आणि याच्या कागदांसाठी अर्ज करू शकेल. मेळ्यातल्या त्या फोटोवर सगळा ठराव उभा. बोर्डाची बैठक परवा, मंगळवारी. त्याच दिवशी फोटोखाली नवं कार्ड लागायचं आहे, माझ्या हातचं. ताईने आईला फोन केला. लाइन खरखरत होती आणि आई एकच वाक्य पुन्हापुन्हा विचारत होती, “म्हणजे तो येऊन परत जाऊ शकेल ना गं?” भाऊजी म्हणाले, “अरे यार, फँटास्टिक! लोक इथे पीएचडी करून रांगेत उभे राहतात, आणि तू एक फोटो बघून काम केलंस!” माझी भाची सहा वर्षांची आहे. मराठी कळतं, पण बोलते इंग्रजीतच. ती मला म्हणाली, “मामा, आर यू फेमस नाऊ?” मी म्हणालो, अजून नाही. “व्हेन?” म्हणाली. भाऊजी म्हणाले, “ट्यूजडेला.”

मागच्या शनिवारी कार्डाचा मजकूर करायला म्हणून फोटो भिंतीवरून काढला आणि पहिल्यांदाच गर्दीकडे नीट पाहिलं. विमान पाहणारा माणूस माणसं बघत नाही. तिथे हा कोटवाला उभा होता, खिसा डाव्या छातीवर. मग दुसऱ्याचा पाहिला, तिसऱ्याचा पाहिला. सगळ्यांचे खिसे जागच्या जागी. फोटो उलटा असता तर ते उजवीकडे गेले असते. फोटो सुलटा होता. मग पंखा? मी हँगरमध्ये गेलो. तिथली सहाही विमानं अमेरिकन. एकेका विमानापुढे, तुम्ही मला उभं करायचात तसा, जाऊन उभा राहिलो. सहाच्या सहा पंख्यांच्या वरच्या पात्याची जाड कड माझ्या डाव्या हाताला. इथली इंजिनं समोरून पाहिली की घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतात. आपल्या क्लबातली इंग्रजी इंजिनं तेवढी उलटी. दोन वर्षं दर शनिवारी मी या विमानांच्या शेजारून डबा घेऊन गेलो आणि एकदाही पाहिलं नाही, कारण मला वाटत होतं की ते मला माहीत आहे. इथल्या कुठल्याही पोराने ही चूक केली नसती. ती करायला तुमचा मुलगाच हवा होता.

हे लिहिताना मला राग येतो आहे, आणि कुणाचा ते कळत नाही. क्लबाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेचा दिवस तुम्हाला आठवत असेल. मी दहा वर्षांचा. मधल्या पानावर एक मोठा फोटो होता आणि त्याखाली दुसऱ्याच विमानाचं नाव छापलेलं होतं. चहाच्या वेळी, पाहुण्यांच्या देखत, मी सेक्रेटरीसाहेबांना ते दाखवलं. साहेब हसले, माझ्या डोक्यावर थापटलं, म्हणाले, “मेकॅनिकचं पोरगं हुशार आहे हं.” पाहुणेही हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी येईपर्यंत तुम्ही सायकल नुसती हाणत राहिलात. स्वयंपाकघरात आई पिठलं वाढते आहे आणि तुम्ही ताटाला हात न लावता म्हणता, “तुला दिसलं ते बरोबर होतं. मलाही दिसलं होतं, छापायच्या आधीच. पण आपल्याला कुणी विचारलं होतं का?” आई म्हणते, “अहो, जेवू तरी द्या त्याला.” तुम्ही म्हणता, “जेवू दे. जेवतो आहे ते कुणाच्या पगारावर, ते कळू दे.” कितीतरी वर्षं मी मनात तुम्हाला भित्रा म्हणत आलो. आता या घरात मी ज्या खोलीत झोपतो ती ताईच्या येणाऱ्या बाळाची आहे हे मला माहीत आहे, ती बोलत नाही तरी. आता मला तुमच्या त्या गप्प बसण्यावर किती ताटं वाढली गेली ते मोजता येतं. पण बाबा, तुम्ही मला बघायला शिकवलंत आणि विचारल्याशिवाय बोलू नये हे शिकवलंत. इथे मला सगळे विचारताहेत. त्यावेळी काय करायचं ते तुम्ही सांगायच्या आधीच तुम्हाला कावीळ झाली.

आठवडाभर मी कुणाला काही बोललो नाही. काल हँगरमध्ये सरांना सांगितलं. ते एका लाकडी पेटीवर बसून सँडविच खात होते. मी आधी खिसे सांगितले, मग पंखा, मग आपला क्लब, मग इंग्रजी इंजिनं. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“बुधवारपासून. डॉक्टरने नवा चष्मा दिला. म्हटलं पहिल्यांदा तुझा पंखा बघावा. पाहिला, आणि चष्मा काढून ठेवला.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“तुला दिसू नये असं वाटत होतं.”

मी म्हणालो की बोर्डाला कळेल. ते हसले. “बोर्डावर दोन दंतवैद्य आहेत, एक गाड्या विकतो, एक वकील. विमानाला पंखा असतो एवढं त्यांना माहीत आहे. ठराव होईल. तुझा अर्ज जाईल. पुढेमागे कुणी शहाणा आला आणि म्हणाला, की हे चूक आहे, तर आपण म्हणू, असेल बुवा. म्युझियमं चुकतच असतात. तोवर तू तुझ्या आईला भेटून आलेला असशील.” मग सँडविचचा कागद चार घड्या करून खिशात ठेवत म्हणाले, “फोटो घरी ने. कार्ड तू टाइप करायचं. उद्या फोन करून सांग काय केलंस ते. जे आणशील ते मी लावीन, आणि तोंड उघडणार नाही. पण ठरवायला मला सांगू नकोस, पोरा. मी ठरवलं तर मी चुकीचंच ठरवीन.”

सांगितल्यावर सुटका होते असं म्हणतात. मी सांगितलं, आणि दार आणखी घट्ट लागलं. तोपर्यंत निदान मी एकटा होतो. आता एक चांगला माणूस माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होऊन पेटीवर बसलेला आहे.

आज दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. छपरावरचा कूलर घरघरतो आहे आणि पडद्यांच्या फटींतून ऊन आत येतं आहे. मी भाऊजींचा टाइपरायटर टेबलावर आणला, खाली टॉवेल घातला म्हणजे आवाज व्हायला नको. दोन कार्डं टाइप केली. एकावर दुर्मीळ विमानाचं नाव, एकावर नेहमीच्या विमानाचं. दोन्हींत एकही चूक नाही. शेजारीशेजारी ठेवली तर पहिलं जास्त चांगलं दिसतं, नाव लांब आहे म्हणून असेल. कितीतरी वेळ बसलो. मग उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपाशी गेलो, त्याची लांब वायर ओढत फ्रीजच्या आडोशाला उभा राहिलो आणि सरांना फोन लावला. पलीकडे टीव्हीवर बेसबॉल चालू होता. मी म्हणालो, “नेहमीचं विमान. तसंच टाइप केलं आहे.”

टीव्हीचा आवाज बारीक झाला.

“नीट टाइप केलं आहेस?”

“हो.”

“तू करणारच.” मग म्हणाले, “मंगळवारी मी बोर्डाला तुझ्याबद्दल सांगेन. पण माझ्या हातात दाखवायला काही नसेल, हे तुला कळतंय ना? ठराव होणार नाही.”

“कळतंय.”

“शनिवारी येशील? चार खोकी पडली आहेत.”

मी येईन म्हणालो. फोन ठेवल्यावर मोकळं वाटेल अशी वाट बघत तिथेच उभा राहिलो. फ्रीज सुरू झाला, बंद झाला. बाकी काही झालं नाही. घर तेच, ऊन तेच, कागद लटकलेलेच. आईला काय सांगायचं ते तर मी अजून मनातसुद्धा जुळवलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, पोरगं खरं वागलं. तसं नाही. कुठल्याशा शनिवारी एखादा विमानवेडा म्हातारा हँगरमध्ये येईल, फोटोपुढे जरा जास्त वेळ उभा राहील आणि मान वाकडी करील, ही भीती मला सहन होणार नव्हती. दार वाजलं की दर वेळी मी त्याची वाट बघितली असती, गाडी चालवताना आरशात बघत बसायचो तशी. एवढ्या भीतीत राहण्यापेक्षा मी या घरात राहणं पत्करलं. यात खरेपणा किती आणि भित्रेपणा किती, ते मला वेगळं करता येत नाही. तुमचं तरी तुम्हाला करता येत होतं का?

आता पावणेपाच झाले. ताई उठली आहे. केस बांधत बाहेर आली, एक हात पाठीवर, बाळामुळे तिची कंबर दुखते. फ्रीजमध्ये चक्का टांगून ठेवला आहे, मंगळवारी श्रीखंड करणार आहे, भाऊजींच्या ऑफिसातल्या दोघांना जेवायलाही बोलावलं आहे. तिने माझ्यापुढचे हे कागद पाहिले आणि म्हणाली, “इतकं काय रे लिहितोयस केव्हाचा? कुणाला?”

मी म्हणालो, “कुणाला नाही गं. म्युझियमचंच काम आहे.”

ती म्हणाली, “चहा टाकते,” आणि आत गेली. सरांना फोन करून झाल्यावर, बाबा, मी तिच्याशी हे खोटं बोललो. ती आत आलं किसते आहे, आणि मी उठून तिच्यापाशी जाण्याऐवजी हे तुम्हाला सांगतो आहे.